क्योतोत दोन रात्री महागड्या डिझाइन हॉटेलात राहावं का?

आबोली_नाशिक

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं जपानला निघालोय: मी, नवरा आणि माझे बाबा (वय ७४). तोक्यो, क्योतो, हिरोशिमा असा नेहमीचा मार्ग. बाकी सगळीकडे स्टेशनजवळची साधी बिझनेस हॉटेलं घेतली आहेत. अडलंय ते क्योतोवर.

मला इमारतींचं वेड आहे. तादाओ आंदो, केंगो कुमा या जपानी वास्तुरचनाकारांच्या कामाचे फोटो मी कॉलेजपासून मासिकांतून कापून ठेवत आलेय. क्योतोत या दोघांचा हात लागलेली हॉटेलं आहेत, आणि तिथे सलग दोन रात्री राहावं असं फार मनात आहे. नवरा म्हणतो, दिवसभर देवळं आणि बागा बघणार, रात्री नुसती पाठ टेकायची, त्याला एवढे पैसे कशाला? त्याचंही चुकीचं नाही. त्या दोन रात्रींच्या पैशांत साध्या हॉटेलात जवळजवळ आठवडा निघतो.

जे राहून आलेत त्यांनी सांगा. अशी इमारत आत राहिल्यावर जास्त कळते का? की लॉबीत बसून कॉफी प्यायली तरी तेवढंच हाती लागतं?

रेवदंडेकर

हॉटेल झोपायला असतं. नवरोबांना अनुमोदन.

चिंचगूळ

आधी हॉटेलांची नावं तरी सांगा ताई. क्योतोत 'डिझाइन' म्हणवणारी हॉटेलं गल्लोगल्ली झाली आहेत.

आबोली_नाशिक

तीन ठरवली आहेत. एस हॉटेल (कुमा), मारुफुकुरो (आंदो) आणि निजो किल्ल्यासमोरचं हॉटेल द मित्सुई. तिन्ही एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत की तुलना कशी करावी तेच कळेना.

निशिकासाईकर

बरीच वर्षं तोक्योत राहतोय. पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की क्योतोची फेरी ठरलेलीच, त्यामुळे या प्रश्नावर बोलायला आवडेल.

तोक्योतलं महाग हॉटेल म्हणजे उंची. पार्क हयात १९९४ साली शिंजुकूतल्या, वास्तुरचनाकार केन्झो तांगेंच्या टॉवरच्या वरच्या मजल्यांवर सुरू झालं. अमान २०१४ साली ओतेमाचीत, तेही टॉवरच्या माथ्यावर. खिडकीतून शहर बघायचं, त्याचेच पैसे. क्योतोत ते शक्यच नाही. २००७ साली महापालिकेने इमारतींच्या उंचीचे नियम आणखी कडक केले आणि मध्यवर्ती भागातली ४५ मीटरची मर्यादा ३१ मीटरवर आणली. म्हणजे तिथल्या वास्तुरचनाकाराला वर जाता येत नाही, आतच जावं लागतं. चौक, बाग, अरुंद वाट, लाकडी जाळी, पाण्याचा आवाज. तुम्ही ज्याला डिझाइन म्हणताय ते सगळं आतल्या बाजूला असतं आणि ते बघायला वेळ द्यावा लागतो.

म्हणून माझं मत: राहायचं तर दोन रात्री सलगच राहा. चेक-इन दुपारी तीनला, चेक-आउट अकरा-बाराला. एकाच रात्रीत संध्याकाळ सामान लावण्यात जाते आणि सकाळ आवरण्यात. दोन रात्री असल्या की मधला एक अख्खा दिवस मिळतो. त्या दिवशी सकाळी बाहेर पडू नका. ऊन कुठून येतं, कुठल्या भिंतीवर पडतं, ते बघा.

रेवदंडेकर

क्योतोत जाऊन सकाळ हॉटेलात घालवायची? तीसुद्धा नोव्हेंबरात, लाल मेपल ऐन भरात असताना?

निशिकासाईकर

@रेवदंडेकर, ऐन भरात असतात म्हणूनच. त्या दिवसांत दहा वाजता तोफुकुजी मंदिराच्या पुलावर उभं राहायला जागा नसते. एक सकाळ सोडलीत तर काही बिघडत नाही.

विटाआणिचुना

धागा आवडला. माझा व्यवसाय जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ताईंच्या यादीतल्या तिन्ही हॉटेलांत एक गोष्ट सारखी आहे. तिन्ही जुनं काहीतरी धरून उभी आहेत, फक्त प्रत्येकाने ते वेगळ्या तऱ्हेने धरलंय.

एस हॉटेल शिन्पूकान नावाच्या संकुलात आहे. त्यातला जुना भाग म्हणजे क्योतोचं मध्यवर्ती टेलिफोन कार्यालय, १९२६ साली बांधलेलं. रचनाकार तेत्सुरो योशिदा, सरकारच्या दळणवळण खात्यातला माणूस. तोक्यो स्टेशनसमोरचं मध्यवर्ती पोस्ट ऑफिसही त्याचंच. बाहेरून विटांच्या रंगाचा दर्शनी भाग, वर कमानी खिडक्या. २००१ साली त्याचं दुकानांचं संकुल झालं, आणि २०२० साली कुमांनी नवा भाग जोडून हॉटेल उभं केलं. नव्या भागाने जुन्याची नक्कल केलेली नाही. विटेशेजारी लाकूड आणि धातूच्या जाळ्या आल्या, आणि दोन्हींच्या मध्ये झाडांचा चौक ठेवला. हा चौक कुणालाही खुला आहे. खालच्या मजल्यावर दुकानं, तळघरात चित्रपटगृह आणि थेट कारासुमा ओइके मेट्रो स्टेशन. आत सामिरो युनोकी यांची चित्रं आणि कापडं आहेत. स्टेन्सिलने कापड रंगवण्याच्या कलेतले हे फार मोठे कलावंत, २०२४ साली शंभरी ओलांडून गेले. म्हणजे नव्वदीपार झालेल्या माणसाला एका नव्या हॉटेलाचा चेहरा घडवायला बोलावलं गेलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

मारुफुकुरो म्हणजे निन्तेन्दोचं जुनं मुख्यालय. होय, तीच व्हिडिओ गेमवाली कंपनी. १८८९ साली क्योतोत फुसाजिरो यामाउचींनी ती सुरू केली ती हानाफुदा, म्हणजे फुलांच्या चित्रांचे पत्ते बनवायला. ही इमारत १९३० ची. कंपनी तिथून गेली आणि वास्तू बरीच वर्षं बंदच होती. २०२२ साली आंदोंच्या देखरेखीखाली नवा भाग जोडून अवघ्या १८ खोल्यांचं हॉटेल झालं. जुन्या दाराशेजारची कंपनीच्या नावाची पाटी तशीच ठेवली आहे. आंदोंचं काँक्रीट हवं असेल तर ते इथे आहे, पण पुढे येऊन बोलत नाही. पुढे जुनी इमारतच आहे.

मित्सुईचं वेगळं. व्यापारी मित्सुई घराण्याचा वाडा त्या जागेवर अडीचशे वर्षांहून जास्त काळ होता. आज त्यातला १७०३ सालचा काजिइमिया दरवाजा उभा आहे आणि त्यातून आत शिरल्यावर २०२० साली उघडलेलं हॉटेल लागतं. आत बाग, पाणी, गरम झऱ्याचं स्नानगृह. तिघांत सर्वांत ऐषारामी हेच. पण इमारत नवी आहे, जुनं आहे ते दार आणि जागेची आठवण.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: एसचा चौक आणि लॉबी कॉफी पिऊन बघता येते, ती तशीच योजली आहे. मारुफुकुरो आणि मित्सुईचं अंतरंग मात्र राहिल्याशिवाय फारसं कळणार नाही.

शेवंता_

वाखूसा (वाचनखूण साठवली). मुलगा मारिओ खेळतो त्या कंपनीचं मूळ पत्त्यांत आहे हे आज कळलं. आता त्याला रमी शिकवायला हरकत नाही. :)

आबोली_नाशिक

@विटाआणिचुना, तुम्ही लिहिलेलं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं.

एक सांगायचं राहिलं होतं. बाबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत. आधी स्ट्रोजर एक्स्चेंज, मग क्रॉसबार, मग इलेक्ट्रॉनिक, असं सगळं स्थित्यंतर त्यांनी हाताने केलंय. टेलिफोन ऑफिसात राहायचं म्हटल्यावर ते खुर्चीत सरसावून बसले आणि पहिला प्रश्न विचारला, "स्विचरूम कुठल्या मजल्यावर होती?" आत्तापर्यंत या सहलीबद्दल त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता.

रेवदंडेकर

आता मी नवरोबांच्या बाजूने बोलू शकत नाही. जा.

गोंयचो_पाव

थांबा, घाई नको. वडील ७४ वर्षांचे आहेत म्हणून उलट बाजू मांडतो.

ओसाकात अशाच एका नावाजलेल्या हॉटेलात आईला घेऊन राहिलो होतो. नाव लिहीत नाही. खोली दिसायला देखणी. पण दिवे इतके मंद की आईला चष्मा लावूनही पायरी दिसेना. बाथरूमला काचेची भिंत. दिव्यांची बटणं म्हणजे एक काळी सपाट पट्टी, तिच्यावर कुठे बोट ठेवायचं हे मला सकाळी कळलं. रात्री उठून संडासला जायचं तर आई मला हाक मारायची. फोटोत जे सुंदर दिसतं ते म्हाताऱ्या माणसाच्या पायाला आणि डोळ्याला कसं लागेल, हे आधी विचारून घ्या. बाथरूममध्ये शिरताना उंबरा आहे का, पलंग किती उंच आहे, टबात उतरण्यापुरतं धरायला काही आहे का, हे हॉटेलला मेल करून विचारा. ते नीट उत्तर देतात.

आणि आंदोंचं सांगायचं तर, १९७६ साली त्यांनी ओसाकात बांधलेलं सुमियोशीचं घर असं आहे की पाऊस पडत असताना संडासला जायचं तर उघड्या चौकातून छत्री घेऊन जावं लागतं. थोर आहे, मान्य. पण माझ्या आईला मी तिथे ठेवणार नाही.

विटाआणिचुना

@गोंयचो_पाव, तुमचा मुद्दा सोळा आणे खरा. चांगल्या डिझाइनमध्ये अंधारात चाचपडणारा हातही धरलेला असायला हवा. फक्त सुमियोशीचं उदाहरण इथे लावू नका. ते खाजगी घर होतं, आणि अगदी अरुंद जागेत ऊन-वारा आत आणायचा हाच त्यामागचा विचार. मारुफुकुरोत छत्री लागणार नाही.

देशस्थ_खवय्या

सगळे विटांवरच बोलताय. बाबा काय खाणार ते कुणी विचारलंय का? शाकाहारी आहेत का?

आबोली_नाशिक

शाकाहारी. घरी मी आणि नवरा अंडं खातो, बाबा तेही नाही.

देशस्थ_खवय्या

मग हे नीट वाचा. जपानी जेवणात मासा दिसत नाही तिथेही असतो. दाशी नावाचं पाणी जवळजवळ प्रत्येक रशात, मिसो सूपमध्ये, भाजीत, कधी कधी लोणच्यातही असतं, आणि ते बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाचं असतं. नुसतं 'मांस-मासे नको' म्हटलंत तर समोरून भाजीच येईल, पण दाशीत शिजलेली. म्हणून बुकिंग करतानाच लिहा: माशाची दाशी नको, कोम्बू या समुद्री वनस्पतीची आणि सुक्या शिताके अळंबीची दाशी चालेल. आयत्या वेळी सांगितलंत तर स्वयंपाकघराला जमत नाही, कारण दाशी सकाळीच होऊन बसलेली असते.

दुसरं, क्योतोत शोजिन र्योरी आहे, बौद्ध मठांतलं शाकाहारी जेवण. त्यात कांदा-लसूणही टाळतात, मात्र कमळकाकडीसारखे जमिनीखालचे कंद असतात. त्यामुळे इथले कुणी जैन वाचक जात असतील तर त्यांनी वेगळं विचारावं. अराशियामात तेन्र्यूजी मंदिराच्या आवारात शिगेत्सु नावाची जागा आहे, बाबांना तिथे दुपारी घेऊन जा. क्योतोचं तोफू आणि युबा (सोयाच्या दुधावरची साय) खाल्ल्याशिवाय परत येऊ नका. हॉटेलचं काइसेकी (एकामागून एक पदार्थ येणारं पारंपरिक) जेवण फार महाग पडतं. शाकाहारी माणसाने त्यापेक्षा हॉटेलचा नाश्ता घ्यावा आणि रात्री बाहेर जेवावं, हे माझं ठाम मत.

निशिकासाईकर

खर्चाचं बोलतोच आहोत तर कराचं लक्षात ठेवा. क्योतोचा मुक्कामाचा कर १ मार्च २०२६ पासून खूप वाढलाय. तो माणशी, दर रात्री असतो आणि दर माणशी भाड्यावर ठरतो. माणशी २०,००० ते ५०,००० येनच्या आत असेल तर १,००० येन. ५०,००० ते एक लाखाच्या आत ४,०००. एक लाख आणि वर १०,०००. आधी कितीही महाग खोली असली तरी १,००० च होता.

म्हणजे दोघांची खोली एका रात्रीला १,२०,००० येनची असेल तर माणशी ६०,००० पडतात, आणि दोन रात्रींचा दोघांचा कर १६,००० येन होतो. तीच खोली ९६,००० ला मिळाली तर माणशी ४८,००० आणि कर फक्त ४,०००. टप्प्याच्या जरा खालचा दर मिळतोय का ते बघा. शिवाय १० टक्के उपभोग कर आणि मोठ्या हॉटेलांत बहुधा १५ टक्के सेवाशुल्क. बुकिंगच्या पानावर दिसणारी रक्कम यांसकट आहे की यांशिवाय, ते तपासा. टिप मात्र कुठेही द्यायची नाही.

चिंचगूळ

एवढा कर? मग शहराला काय मिळतं त्यातून?

निशिकासाईकर

गर्दीचा ताण सहन करण्यासाठी शहराला पैसा हवाय, असं त्यांचं म्हणणं. बसमध्ये स्थानिक आजी-आजोबांना पाय ठेवायला जागा मिळत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मला हा कर योग्य वाटतो. ज्याला माणशी लाखभर येनची खोली परवडते, त्याने शहरालाही द्यावं.

विटाआणिचुना

थोडं अवांतर. जपान जुनं जपतो असा आपला समज असतो, तो सरसकट खरा नाही. तोक्योचं ओकुरा हॉटेल १९६२ चं, योशिरो तानिगुचींचं. त्याची लॉबी जगभरच्या वास्तुप्रेमींना प्रिय होती: षटकोनी मण्यांच्या माळेसारखे लोंबते दिवे, आणि उमलत्या आलुबुखाराच्या फुलासारखी दिसणारी टेबलं-खुर्च्या. २०१५ साली ते पाडलं. जगभरातून विरोध झाला, उपयोग झाला नाही. २०१९ साली त्याच जागी टॉवर उभे राहिले आणि जुनी लॉबी पुन्हा घडवण्याचं काम योशिरोंचे चिरंजीव योशिओ तानिगुची यांनी केलं. वडिलांची लॉबी मुलाने परत उभी केली. मी त्या लॉबीत बसलोय. सुंदर आहे. तरी पाडायला नको होतं, असंच वाटत राहिलं.

त्याआधीचं तोक्योचं इम्पीरियल हॉटेल फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन वास्तुरचनाकाराचं. १ सप्टेंबर १९२३ ला, उद्घाटनाच्याच दिवशी कांतोचा महाभूकंप झाला. तेही १९६८ मध्ये गेलं. लॉबीचा भाग मात्र नागोयाजवळ इनुयामाच्या मेइजी-मुरा संग्रहालयात नेऊन पुन्हा उभारला.

शेवंता_

भूकंपात आसपासचं सगळं पडलं आणि ते एकटंच उभं राहिलं ना? असं वाचलंय.

विटाआणिचुना

@शेवंता_, ती दंतकथा. उभं राहिलं हे खरं, पण त्याचंही नुकसान झालं होतं आणि परिसरातल्या इतरही इमारती टिकल्या होत्या. पाया चिखलावर तरंगता ठेवला होता, त्यामुळे पुढे इमारत खचत गेली.

या हॉटेलाचा एक धागा आपल्याकडेही येतो. राइटबरोबर कामाला आलेला अँटोनिन रेमंड जपानातच राहिला, आणि पुढे त्याने पाँडिचेरीला श्रीअरविंद आश्रमाचं गोलकोंड हे निवासस्थान रचलं. ते बघायला तर जपानलाही जावं लागत नाही.

रेवदंडेकर

आणि मुंबईतलं वॉटसन हॉटेल? १८९६ साली ल्युमिएर बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा तिथे दाखवले, आख्खा सांगाडा बिडाचा. काळा घोड्याला गेलं की मान वर करून बघतो आणि पोटात तुटतं. क्योतोने टेलिफोन ऑफिस वाचवलं ते वाचून आनंद झाला, पण आपल्या या इमारतीत कधी कुणी राहू शकेल का?

विटाआणिचुना

करता येईल. दुरुस्ती होऊ शकते, तंत्र आहे, माणसं आहेत. मालक, भाडेकरू आणि सरकार एका टेबलावर बसायला हवेत.

गोंयचो_पाव

वॉटसनवर वेगळा धागा काढा, मी येतो. इथे अजून एक नाव: फुकुओकाचं होटेल इल पलात्सो, १९८९. आल्दो रोस्सी या इटालियन वास्तुविशारदाचं. नदीकडच्या दर्शनी भागाला खिडक्याच नाहीत, नुसते लालसर दगडी खांब आणि हिरव्या आडव्या तुळया. २०२३ साली नव्याने उघडलं. हिरोशिमापर्यंत जाताच आहात, तर तिथून शिन्कान्सेनने (बुलेट ट्रेनने) तासाभरावर आहे. आईसाठी नाही म्हणालो तरी इमारतींवर माझाही जीव आहे.

आबोली_नाशिक

एवढं सगळं वाचून घरी काल चर्चा झाली. ठरलं ते असं:

एस हॉटेलात सलग दोन रात्री. मारुफुकुरो मनातून जात नाही, पण तिघांच्या दोन खोल्या तिथे परवडत नाहीत. शिवाय बाबांनी टेलिफोन ऑफिसला मत दिलंय आणि नवऱ्याने त्यांच्याशी वाद घालायचं सोडून दिलंय. मेट्रो स्टेशनातून थेट वर यायचं हाही मोठा फायदा, चालणं वाचेल. @गोंयचो_पाव, तुमच्या प्रश्नांची यादी जशीच्या तशी हॉटेलला पाठवली आहे. @देशस्थ_खवय्या, कोम्बूवालं वाक्यही.

दोन शंका उरल्यात. मोठ्या बॅगा घेऊन शिन्कान्सेनमध्ये चढायचं का? आणि मारुफुकुरो निदान बाहेरून बघता येईल का?

निशिकासाईकर

बॅगा कुरियरने पाठवा. तोक्योच्या हॉटेलच्या काउंटरवर सकाळी द्या, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी क्योतोच्या हॉटेलात हजर. एका रात्रीपुरते कपडे जवळ ठेवा. गाडीतच न्यायच्या असतील आणि लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर असेल, तर तिकिटाबरोबर सामानाच्या जागेचं आरक्षण लागतं.

विटाआणिचुना

मारुफुकुरो बाहेरून जरूर बघा. शिचिजो स्टेशनवर उतरा, कामो आणि ताकासे नद्यांच्या मधला जुना मोहल्ला आहे. ताकासे हा मुळात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सुमिनोकुरा र्योइ नावाच्या व्यापाऱ्याने मालवाहतुकीसाठी खणवलेला कालवा. रहिवासी वस्ती आहे, आवाज न करता चाला आणि दारातली पाटी वाचा.

आणि एसमध्ये खोली जुन्या इमारतीत मिळेल का, हे मेलमध्ये आत्ताच विचारा. बाबा कुठून निवृत्त झाले तेही लिहा. स्विचरूमचा मजला त्यांच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर ते शोधून सांगतील.

आबोली_नाशिक

मेल पाठवली. स्विचरूमबद्दलचा परिच्छेद बाबांनी स्वतः लिहिलाय, तो बाकीच्या मेलपेक्षा मोठा झालाय. उत्तर आलं की इथे टाकते.